गच्चीवरची बन्नी

लक्ष्मम्मांनी धमकी सकाळी सहालाच दिली होती, आणि लक्ष्मम्मा म्हणजे नुसतं बोलून गप्प बसणाऱ्यातल्या नव्हेत.

"तू जा नांदेडला. मी हिकडं त्या बन्नीला मोकळी करते," असं त्या चहाची बशी खाली ठेवत म्हणाल्या. सुनेकडं बघितलंसुद्धा नाही.

सून म्हणजे वर्षाराणी. लोह्याच्या शेतकऱ्याची लेक, लातूरला दिलेली. बाई तशी गरीब स्वभावाची, पण गच्चीवरच्या कुंड्यांना कुणी हात लावला की तिचं डोकं फिरायचं. कुंड्या काही गुलाब-मोगऱ्याच्या नव्हत्या. ताटासारख्या उथळ कुंड्यांत तिनं चिंच, उंबर, पिंपळ, आपटा अशी आपल्याच मातीतली झाडं हातभर उंचीची करून वाढवली होती. लोक त्याला बोन्साय म्हणतात. त्यातली शमी म्हणजे तर तिचा जीव. रस्ता रुंद करताना माहेरच्या बांधावरची शमी मशीननं उपटली, तेव्हा तिच्या मुळाला फुटलेला धुमारा हिनं ओल्या पोत्यात गुंडाळून, एसटीत मांडीवर घेऊन आणला होता. त्याला चौदा वर्षं झाली.

सासू तिपटूरची. तुमकूरकडचं ते खोबऱ्याच्या बाजाराचं गाव. सासरे माल आणायला तिकडं जायचे, तिथंच सोयरीक जमली. साठ वर्षं लातुरात काढून लक्ष्मम्मांची मराठी पक्की झाली होती, तरी चार-दोन शब्द कानडीतच राहिले. सुनेला हाक मारायची तर "बा गं इकडं", म्हणजे ये. आणि शमीला त्या जन्मात कधी शमी म्हणाल्या नाहीत, बन्नीच म्हणायच्या. त्यांच्या माहेरी दसऱ्याला आपटा नाही, बन्नीचं पान सोनं म्हणून देतात. म्हणजे देवच की तो! आणि त्या देवाच्या मुळ्या कापून, फांद्यांना तांब्याची तार गुंडाळून सुनेनं त्याला कुंडीत बसवलेला.

"देवाला दावं लावतंय का कुणी?" हे रोजचं.

"आत्याबाई, तार वळण द्यायला असती. वळण बसलं की काढतेच की मी," हेही रोजचं.

गेल्या दसऱ्याला तर कहर झाला. गुडघे दुखतात म्हणून देवळात न जाणारी म्हातारी पक्कड घेऊन बाहेरच्या जिन्यानं गच्चीवर चढली आणि तार ओढून काढली. सहा वर्षं वळवत आणलेली फांदी कडकन मोडली. पंधरा दिवस सासू-सुनेचं बोलणं बंद. संगमेश्वर, म्हणजे वर्षाराणीचा नवरा, बिचारा दोघींच्या मधी निरोप पोचवून दमला.

यंदा दसऱ्याच्या तीन दिवस आधी नांदेडला झाडांचं प्रदर्शन निघालं. वर्षाराणीला शमी न्यायची होती. "दसऱ्याच्या तोंडावर बन्नी उंबरठा ओलांडणार न्हाई," म्हातारीनं बजावलं. मग चिंच घेऊन निघाली. संगमेश्वर दुकानाच्या मालासाठी उदगीरला गेलेला. घरात म्हातारी एकटी, गळ्यात दोरीनं अडकवलेला मोबाईल, आणि वर गच्चीवर शमी.

अहमदपूर येईपर्यंत वर्षाराणीच्या डोळ्यांपुढं ती पक्कड नाचत होती. लपवून आले असते तर बरं झालं असतं, असं तिला दहादा वाटलं.

सव्वाअकराला फोन वाजला. परीक्षक दोन टेबलं अलीकडं येऊन ठेपलेले. चिंचेच्या बुंध्यावरची धूळ ब्रशनं झाडता झाडता तिनं फोन कानाला लावला.

"बन्नी..." म्हातारीला धाप लागली होती. "बन्नी... बन्नी..."

जिना चढून धाप लागलीय, हे वर्षाराणीनं लगेच ओळखलं. तिच्या अंगाचा तिळपापड झाला.

"आत्याबाई, हात लावू नका तिला! सांगून ठेवते! ह्या खेपेला मी ऐकून घेणार न्हाई!"

"बन्नी..."

"खाली उतरा आधी!" असं ओरडून तिनं फोन कट केला. शेजारच्या टेबलावरची माणसं बघायला लागली, तेव्हा तिला लाज वाटली, पण राग लाजेपेक्षा मोठा होता.

तिनं लगेच शेजारच्या रुद्रेशअप्पांना फोन लावला. झेरॉक्सचं दुकान त्यांचं, घराला लागूनच. "अप्पा, पाया पडते. जरा आमच्या गच्चीवर जाऊन शमी बघा. आत्याबाई काय करून राहिल्यात कुणास ठाऊक. कुंडी उचलून तुमच्या दुकानात ठेवली तरी चालंल."

पाच मिनिटांत अप्पांनी फोटो पाठवला. शमी जागच्या जागी. तार शाबूत, पानं शाबूत. खाली लिहिलं होतं, गच्चीवर कुणीच नाही, काळजी करू नका.

वर्षाराणीनं फोटो बोटांनी मोठा करून एकेक फांदी बघितली. मग कुठं तिचा जीव भांड्यात पडला. म्हातारी माझ्या ओरडण्याला घाबरली तर! बरं झालं. बरं झालं, असं ती खरंच मनात म्हणाली. परीक्षक गेल्यावर एकदा तिनं म्हातारीला फोन लावला. उचलला नाही. रुसल्या असतील, नाहीतर पूजेला बसल्या असतील. रुसू दे.

एक वाजता जेवणाच्या पंगतीत शेजारी देगलूरच्या नागम्मा बसल्या. बेलाचं झाड घेऊन आलेल्या, बोलायला मोकळ्या. वर्षाराणीनं त्यांना सगळं हसत हसत सांगितलं. म्हातारीची नक्कल करून दाखवली, धाप लागल्यासारखी. "बन्नी, बन्नी! एक शब्द बोलंना पुढं!"

नागम्मांचा घास हातातच राहिला.

"सासू कुठली गं तुझी?"

"तिपटूरची. का हो?"

"आमच्याकडं 'या' म्हणायला बर्री म्हणत्यात," नागम्मा हळू बोलल्या. "पण तिकडं खाली, तुमकूरकडं, बन्नी म्हणत्यात. बन्नी म्हंजी या. मानानं बोलवायचं असलं की. म्हातारी झाडाचं बोलत नव्हती, पोरी. तुला बोलवत होती."

"मला त्या 'बा' म्हणतात," वर्षाराणी म्हणाली. आपण हे का म्हणतोय ते तिचं तिलाच कळेना.

"हाव. पण जिवावर बेतलं की माणूस हात जोडतंय."

पत्रावळ तशीच राहिली. वर्षाराणीनं म्हातारीला फोन लावला. वाजून वाजून बंद झाला. परत लावला. परत तेच. रुद्रेशअप्पांचा फोन बंद. दुपारी एक ते दोन अप्पा दुकान मिटून झोपतात हे आळीतल्या सगळ्यांना ठाऊक. संगमेश्वरचा लागला, पण तो उदगिरातच होता. "आईला काय झालंय? काय झालंय सांग की!" तो ओरडत होता आणि हिला सांगता येत नव्हतं.

नागम्मांची गाडी होती. त्यांनी ड्रायव्हरला जेवणावरून उठवलं. चिंच तिथंच टेबलावर राहिली. तिला नंबर मिळाला की नाही, हे विचारायचं भानसुद्धा कुणाला नव्हतं.

लोहा आलं. माहेरच्या गावावरून गाडी गेली आणि वर्षाराणीनं मान वर केली नाही. ती फक्त फोन लावत होती. अप्पा, म्हातारी, अप्पा, म्हातारी. म्हातारीच्या फोनला पावणेतीन तास झाले होते. मग तीन. बन्नी, बन्नी. आपण काय म्हणालो? खाली उतरा आधी! देवा, ती माऊली खालीच पडली असणार की गं! तिला स्वतःच्या थोबाडीत मारून घ्यावंसं वाटलं. नागम्मांनी तिचा हात धरून ठेवला होता.

माळाकोळी मागं पडलं तेव्हा अप्पांनी फोन उचलला. झोपेतून.

"अप्पा, दार तोडा! गच्ची नव्हं, घर! आत्याबाई आत हायेत!"

नंतरची वीस मिनिटं कशी गेली ते तिचं तिलाच ठाऊक. अहमदपूरच्या अलीकडं फोन वाजला, तर तिला उचलायचा धीर होईना. नागम्मांनीच उचलला.

"हाय," नागम्मा म्हणाल्या. "श्वास हाय. न्हाणीत पडल्या होत्या. दवाखान्यात नेऊन राहिलेत."

वर्षाराणी तेव्हा रडली, मोठ्यानं, गाडीत, परक्या बाईच्या खांद्यावर.

लातूरला पोचायला साडेचार झाले. खुब्याचं हाड मोडलं होतं, तासनतास ओल्या फरशीवर पडून अंग गार पडलं होतं, पण डॉक्टर म्हणाले, निभावलं, परवा ऑपरेशन करू. संगमेश्वर उशाशी उभा होता. रुद्रेशअप्पा दाराशी. लक्ष्मम्मांचा चेहरा एवढासा झाला होता, कपाळावरची विभूती पुसून गेलेली. सून दिसताच त्यांनी मान जरा वळवली.

"कोण आलतं गं?" त्यांचा आवाज घोगरा झाला होता. "मी पडले ना, तुला फोन केला. मग जिन्यावर पाय वाजले. म्हटलं, आली माणसं. पाय वर गेले. मी आवाज द्यायला बघितलं, निघंना. मग पाय खाली आले. आन् निघून गेले. सपान पडलं का काय मला?"

रुद्रेशअप्पा खाली बघत होते. त्यांनी तोंड उघडलं नसतं. तसा भला माणूस तो. संगमेश्वरला काहीच ठाऊक नव्हतं. हो आत्याबाई, सपानच, असं म्हटलं असतं तर तिथंच मिटलं असतं, कुणाला कधी कळलं नसतं. वर्षाराणीच्या ओठांवर ते आलंही होतं.

"सपान न्हाई," ती म्हणाली. "मीच पाठवलं होतं अप्पांना. झाड बघायला."

संगमेश्वर बायकोकडं बघतच राहिला. लक्ष्मम्मा पुष्कळ वेळ वर पंख्याकडं बघत राहिल्या. शिव्या द्याव्यात, तोंड फिरवावं, काहीही करावं, पण बोलावं, असं वर्षाराणीला झालं होतं.

"मग?" शेवटी म्हातारी म्हणाली. "नीट हाय का झाड?"

हा टोमणा होता की खरंच विचारत होत्या, ते वर्षाराणीला कळलं नाही, त्या दिवशीही आणि पुढंही. तिनं फक्त मान हलवली आणि म्हातारीच्या गार पडलेल्या पावलांवर डोकं टेकलं.