मैलकुल्याचं काळीज

देवमन मेडशीच्या रस्त्यावर मैलकुली होता. सरकारी रस्त्याचे चार मैल त्याच्या अंगावर. खड्डे बुजवायचे, नाल्या काढायच्या, पावसाळ्याआधी डांबर टाकायचं. वीस वर्षांत त्यानं आजारपणाची सुट्टी घेतली नव्हती, कारण रोजंदारीवरच्या माणसाला ती नसतेच. चौऱ्याहत्तरच्या मे महिन्यात, भर बारा वाजता, डांबराच्या पिंपाजवळ त्याच्या हातातलं फावडं गळालं. तो मटकन खाली बसला.

"पंचफुला," तो म्हणाला, "पाह्य, छातीवर कोनं धोंडा ठेवला."

त्याची बायको दहा पावलांवर गिट्टी पसरत होती. टोपलं टाकून ती धावली. देवमनचं तोंड राखेसारखं झालं होतं आणि अंगाला गार घाम फुटला होता. मे महिन्यात, त्या उन्हात, गार घाम. पंचफुला उठली आणि रस्त्याच्या मधोमध जाऊन उभी राहिली. समोरून एसटी येत होती. ड्रायव्हरनं भोंगा वाजवला, ती हलली नाही.

"मरायचं हाय का वो बाई?" जगदेव कंडक्टर खाली उतरून ओरडला.

"मरायचं नाई, म्हनूनच उभी हाय," ती म्हणाली.

जगदेवनं देवमनकडे एकदा पाहिलं आणि मागची सीट रिकामी केली. मधले दोन थांबे न घेता गाडी मोठ्या गावच्या सरकारी दवाखान्याच्या फाटकापर्यंत गेली. मागं वऱ्हाडी बसले होते, मुहूर्त टळतो म्हणून कुरकुरत होते. त्यांच्यातल्याच दोघांनी देवमनला उचलून आत नेलं.

दवाखान्यात राठोड नावाचे तरुण डॉक्टर होते. त्यांनी छातीला पट्टे लावून कागद काढला, दुखणं थांबायची सुई दिली, रक्त पातळ करायचं पहिलं इंजेक्शनही दिलं. "हार्ट अटॅक आहे," ते म्हणाले. "एकवीस दिवस खाटेवरून उठायचं नाही. कुशीवरसुद्धा आपण वळवायचं. आता हलवला तर मरेल."

नाव लिहून घेणाऱ्या बाबूनं मान वर केली. "हा तर मोठ्या लोकांचा आजार. मैलकुल्याला कसा झाला?"

"काहून?" पंचफुला म्हणाली. "त्याले काळीज नाई?"

दुसऱ्या दिवशी चिठ्ठी हातात आली. पुढची इंजेक्शनं दवाखान्यात नाहीत, बाहेरून आणा. पंचफुला बाजारातल्या औषधाच्या दुकानात गेली. दुकानदारानं किंमत सांगितली तेव्हा तिला वाटलं, सगळ्या आठवड्याची सांगतो आहे. ती एका दिवसाची होती. पंधरा दिवस गिट्टी टाकावी तेव्हा एका दिवसाची सुई. ती चिठ्ठी घेऊन परत आली आणि खाटेशी बसली. देवमनचे ओठ सुकले होते. तिनं कापसानं पाणी लावलं.

तिसऱ्या दिवशी सकाळी मोठे डॉक्टर फेरीला आले. साठीला टेकलेले, थकलेले. त्यांनी कागद पाहिला, राठोडांशी इंग्रजीत बोलले आणि निघून गेले. मागोमाग बाबू एक छापील फॉर्म आणि शाईचा पॅड घेऊन आला.

"अंगठा लाव. मोठे साहेब म्हणाले, घरी ने, आराम करू दे. इथं ठेवून तरी काय, इंजेक्शन नाही."

पंचफुलानं फॉर्म हातात घेतला. वस्तीतल्या विहारात दोन वर्षं कंदिलाच्या उजेडात ती बाराखडी शिकली होती. बोट ठेवून, एकेक अक्षर जोडत, तिनं मोठ्यानं वाचलं : "रुग्णाला आम्ही आमच्या मर्जीने घरी नेत आहोत. पुढील परिणामांची जबाबदारी दवाखान्यावर राहणार नाही."



"मर्जी कोनाची हो, बाबू?"

"सगळेच लावतात बाई."

"मी नाई लावत. दवाई नोती म्हनून काढून देलं, असं लिहा. मंग अंगठा नाई, सई करतो."

बाबूनं फॉर्म ओढून घ्यायला हात पुढं केला. तिनं तो घडी करून चोळीत ठेवला आणि थेट मोठ्या डॉक्टरांच्या खोलीत गेली. दारातल्या शिपायानं, भाऊसिंगनं, अडवलं नाही. नंतर तो सांगायचा, अडवावं असं तिचं तोंड नव्हतं.

मोठ्या डॉक्टरांनी ऐकून घेतलं. रागावले नाहीत. उठून त्यांनी कोपऱ्यातलं कुलूपबंद कपाट दाखवलं.

"खोटं नाही बोलत. आत या इंजेक्शनच्या बारा बाटल्या आहेत. सगळ्या तालुक्यासाठी, सहा महिन्यांच्या. तुझ्या नवऱ्याला दिल्या तर उद्या येणाऱ्याला काय देऊ?"

"उद्याचा उद्या येईन. हा आलेला हाय."

"बाई, तू समजून घे. सरकारकडं पैसा थोडा. एका माणसाच्या काळजावर जेवढा खर्च होतो, तेवढ्यात जुलाबाची शंभर पोरं वाचतात. मी कोणाला निवडू?"

 पंचफुलाचं लेकरू जुलाबानंच गेलं होतं. डॉक्टरचं म्हणणं तिला लागलं. क्षणभर वाटलं, फॉर्म काढावा, सही करावी.

"कुठं हायत ते पोरं?" तिनं विचारलं.

"म्हणजे?"

"ते शंभर. ज्याइच्यासाठी माया मानूस मरायचा."

उत्तराची वाट न पाहता ती व्हरांडा ओलांडून लेकरांच्या वॉर्डात गेली. अकरा खाटांवर सतरा लेकरं होती. पहिल्या खाटेशी रंगूबाई नावाची इंझोरी गावची बाई मांडीवर पोरगी घेऊन बसली होती. पोरीचे डोळे खोल गेले होते, हाताला सलाइनची नळी होती.

"हे सलाइन दवाखान्यानं देलं का वो बाई?"

"कायचं देते? बाहेरून आनलं. पाटल्या मोडल्या."

"अन् तुमी?"

"बाहेरून," पुढच्या खाटेजवळची बाई म्हणाली.

"अन् तुमी?"

कोपऱ्यात म्हातारी चतुराबाई नातवाला घेऊन बसली होती. त्याच्या हाताला नळीच नव्हती.

पंचफुला तिच्यासमोर बसली. चतुराबाईनं हळूच सांगितलं, "चिठ्ठी हाय मायापाशी. आजून आनलं नाई."

"चाल माय," पंचफुला म्हणाली. "उठ."

मोठे डॉक्टर टेबलाशी तसेच बसले होते. दारात आधी पंचफुला दिसली, मग चतुराबाई, मग रंगूबाई पोरीला खांद्यावर घेऊन, सलाइनची बाटली हातात उंच धरलेली. त्यांच्या मागं आणखी आठ-नऊ बाया.

"साहेब, हे तुमचे शंभर," पंचफुला म्हणाली. "याइच्यासाठी म्हनून त्याले देत नाई, अन् याइलेबी देत नाई. मंग पैसा वाचला तो कोनाचा? आमाले आपसात भांडाले लावता, लेकरू का नवरा. आमी नाई भांडत. दोनीबी पायजे."

व्हरांड्यात माणसं गोळा झाली होती. राठोड डॉक्टर गर्दीतून आत आले. त्यांची नोकरी नवी होती, तरी ते बोलले : "सर, बाटल्या माझ्या सहीनं द्या. चौकशी झाली तर मी उत्तर देईन."

मोठे डॉक्टर उठले. त्यांनी खिशातून किल्ली काढली. "तुमची सही नको," ते म्हणाले. "माझी आहे ना." त्यांनी सात बाटल्या काढून दिल्या, टेलिफोन ओढून वरच्या ऑफिसला सलाइन मागितलं, आणि तिकडून नाही म्हटल्यावर पहिल्यांदाच ओरडले. सलाइनची पेटी दुपारी चारच्या एसटीनं आली. चतुराबाईचा नातू वाचला. रंगूबाईची पोर दुसऱ्या दिवशी गेली. तिला फार उशीर झाला होता. रंगूबाई जाताना पंचफुलाजवळ आली, तिच्या डोक्यावरून हात फिरवला आणि गेली.

देवमन खाटेवर पडून सगळं ऐकत होता. सोळाव्या दिवशी त्याला उशीला टेकून बसू दिलं, तेव्हा तो भिंतीकडं पाहत म्हणाला, "एवढ्या मोलाची दवाई. मायासारख्याले नोती लावाले पायजे."

पंचफुला भाकरी कुस्करत होती. तिचा हात थांबला. गेल्या पंधरा दिवसांत बाबूवर, डॉक्टरवर ती चढली होती, पण एवढा राग तिला कोणाचा आला नव्हता.

"तुमाले कोनं सांगतलं तुमी सस्ते हा?" ती म्हणाली. "वीस वर्सं ज्या रोडावरून साऱ्याइच्या गाड्या गेल्या, तो कोनाच्या छातीवर बसून केला? पुन्हा असं बोलले तं मीच उचलून नेईन घरी. खा."

देवमननं तोंड उघडलं. खाताना त्याच्या डोळ्यांतून पाणी येत होतं आणि ते पुसायला हात उचलायची त्याला परवानगी नव्हती, म्हणून तिनंच पुसलं.

बाविसाव्या दिवशी ते घरी आले. बांधकाम खात्यानं गैरहजेरी म्हणून देवमनचं नाव कमी केलं. पंचफुला रस्त्याच्या कामावर देखरेख करणाऱ्या ओव्हरसियरकडं चार वेळा गेली. चौथ्या वेळी तिचं नाव त्याच चार मैलांवर लागलं. मोठ्या डॉक्टरांची दिवाळीआधी बदली झाली. राठोड राहिले.

देवमन आणखी नऊ वर्षं जगला. जड काही उचलायचं नव्हतं, तरी सकाळी काठी टेकत तो रस्त्यावर यायचा, बायकोनं भरलेला खड्डा पायानं दाबून पाहायचा आणि म्हणायचा, "गिट्टी कमी पडली इथं."

"तुमी गप बसा," पंचफुला म्हणायची आणि आणखी एक टोपलं टाकायची.