बाहेरून एकच पत्ता

एक पोस्टकार्ड. कडा पिवळ्या पडलेल्या. त्यावर 'नागनाथ' बारीक अक्षरात, 'सोनाबाई' मोठ्या.

पाण्याच्या टाकीत कबूतर. मेलेलं. केव्हा मेलं, कोणालाच माहीत नाही.

मंगळवार, सकाळचे अकरा बेचाळीस.

भिंतीवर पांढरा डब्बा, त्याला दोन शिंगं, आणि सतत लुकलुकणारा एक हिरवा दिवा.

दोनशे पानी वही. प्रत्येक पानाला शाईने आकडा घातलेला.

*

वही आणि डब्बा एकाच खोलीत असतात. आदिलाबादच्या विहाराची वरची खोली, म्हणजे वस्तीची अभ्यासिका. ती नागनाथ सांभाळतात. छत्तीस वर्षं ते तहसिलीच्या दप्तरखान्यात होते. कोणती मिसल, म्हणजे फाइल, कोणत्या बस्त्यात आहे, हे त्यांना अंधारातही सांगता यायचं म्हणतात. निवृत्त झाल्यावर त्यांनी अभ्यासिका उघडली आणि पहिल्याच दिवशी नियम केला: वहीत नाव, आल्याची वेळ, गेल्याची वेळ, बाकाचा नंबर. इंटरनेटचा डब्बा आला तोही त्यांच्याच नावावर. दारावरच्या कॅमेऱ्यासाठी केबलवाल्याकडून कधी न बदलणारा पत्ता घेतला, तोही त्यांनीच.

भाग्यश्री रोज येते. पॉलिटेक्निकचं शेवटचं सेमिस्टर. गाव वांकिडीच्या पलीकडे, म्हणून राहते एका खाजगी वसतिगृहात. तिथे नेट नाही.

*

महिनाभर आधी, फळ्यापाशी.

"काका, हा डब्बा काय करते, सांगू?"

"सांग. पन मले समजंन असं."

तिने फळ्यावर एक चौकोन काढला. चौकोनात चौदा ठिपके.

"आत आमी चौदा जनी. डब्ब्यानं हरेकीच्या मोबाइलले, लॅपटॉपले घरातला एक नंबर देला. तो ह्या खोलीपुरता. बाहेर त्याले कोनी इचारत नाही. बाहेर सगळ्यायचा मिळून पत्ता एकच, डब्ब्याचा. मी काही धाडलं, का डब्बा माझा पत्ता खोडते अन् सोताचा टाकते."

"खोडते? मंग जवाब कोनाले द्याचा, ते कसं समजते?"

"खोडाच्या आंधी लिहून ठेवते न! आतला नंबर सतरा, त्याच्यासाठी बाहेर दरवाजा चाळीस हजार नऊ. जवाब त्या दरवाज्यावर आला, का आपली यादी पाह्यते अन् सतराले नेऊन देते."

"म्हंजे कारकूनच हाय."

"तुमच्यावानी. फक्त पगार नाही."

"मले तरी कुठं हाय?" नागनाथ फळ्याजवळ सरकले. "अन् कोनी न बोलावता आलं तं?"

"यादीत ओळ नाही, तं आत वाट नाही. डब्बा फेकून देते."

"वा. अन् ह्या ओळी किती वर्सं ठेवते?"

"वर्सं? बोलनं संपलं का थोड्या मिनिटांत पुसून टाकते."

सतरा — ४०००९ — पुसलं.

पुढचे दोन दिवस नागनाथांच्या मनात त्या डब्ब्याबद्दल फारसा आदर नव्हता.

*

गुरुवारी ती आली आणि वहीत सही न करताच उभी राहिली.

मंगळवारी तिने जिल्ह्याच्या तक्रारींच्या साइटवर अर्ज टाकला होता, नाव न देता. वसतिगृहाच्या टाकीला झाकण नाही. टाकीत कबूतर निघालं. तीन मुलींना कावीळ झाली. वॉर्डनना दोनदा सांगून पाहिलं.

"अन् आता त्यायच्याजवळ कागद हाय, काका. ऑफिसातल्या कोन्या ओळखीच्यानं देला. दिवस, टाइम अन् आपल्या डब्ब्याचा पत्ता. केबलवाल्याले इचारलं, तं तो म्हने, ही विहाराची अभ्यासिका. उद्या येऊन राह्यले."

"येऊ दे. डब्बा तं ईसरला म्हनतं न तू."

"डब्बा ईसरला."

ती वहीकडे बघत होती. नागनाथांनी मंगळवारचं पान काढलं. अकरा बेचाळीसला खोलीत तिघी. त्यातल्या दोघी वस्तीतल्या, आपापल्या घरी राहणाऱ्या. तिसरी ओळ तिच्या अक्षरात, सुबक: भाग्यश्री. आली १०.५५. गेली १२.१०. बाक सात.

"मी डब्ब्याचा एवढा इचार केला," ती म्हणाली, "अन् सही करूनच बसली."

"हं."

"पान फाडा न, काका."

"पानाले आकडा हाय. एकशे एकतीस नंबर गायब दिसला, तं मानूस एकशे एकतीसच मागते."

"काढलं मले तं सेमिस्टर गेलं. रोज गावाहून येनं जमत नाही. बाबा म्हनतीन, झालं एवढं बस झालं."

नागनाथांनी वही मिटली. छत्तीस वर्षांत त्यांनी कुठलंच पान फाडलं नव्हतं. नक्कल मागणाऱ्याला परतही पाठवलं नव्हतं. त्या रात्री त्यांनी ही दोन्ही वाक्यं एकापुढे एक ठेवून पाहिली. दुसऱ्या वाक्यात एक शब्द राहून गेला होता. अर्ज. अर्जाशिवाय नक्कल त्यांनी कधी दिली नव्हती.

*

वॉर्डन सुधाकरराव सकाळीच आले. इस्त्रीचा बुशशर्ट, हातात घडी केलेला कागद, बोलणं मऊ.

"काका, तुमच्या इथून कोणीतरी आमची बदनामी केली. तुमचा काही दोष नाही. मंगळवारची वही दाखवा, म्हणजे विषय संपला."

"कागद पाहू." नागनाथांनी चष्मा लावून तो दोनदा वाचला. "ह्याच्यात पत्ता कोनाचा हाय?"

"तुमचा."

"मंग माहीच तक्रार समजा."

सुधाकरराव हसले. "तुम्ही कधी आमच्या टाकीवर चढलात?"

"म्हंजे टाकी हाय. झाकन हाय का?"

"तो विषय नाही. वही दाखवा."

"वही आतली हाय, साहेब. बाहेरच्यासाठी मी हाय. तरी पाहिजेच असंन तं नक्कल भेटते, अर्ज द्या." त्यांनी कोरा कागद आणि पेन पुढे सरकवलं. "नक्कल कशासाठी पाहिजे, ते साफ लिहा. टाकीतल्या कबुतराची तक्रार कोनी केली ते शोधाचं हाय, असं. खाली सही, तारीख. माही मोहोर मारून देतो."

सुधाकररावांनी पेन उचललं नाही.

"आमची एक मुलगी येते इथं."

"माह्या इथं चौदा येतेत."

"काका, तुम्ही मोठे आहात म्हणून बोलत नाही."

"बोला न. पन एक आयका. आज मी ह्याच तक्रारीखाली माहं नाव टाकून राह्यलो, फोन नंबरासकट. तपासनीले कोनी आलं, तं मी पहिले इचारीन, ह्या हप्त्यात कोनती पोरगी काढली अन् काऊन काढली."

कोरा कागद टेबलावरच राहिला. जिन्यावरून बुटांचा आवाज खाली उतरत गेला.

*

शुक्रवारच्या पानावर एक ओळ वेगळ्या अक्षरात आहे. नागनाथ. आले ४.१०. गेले ५.००. बाक सात.

एका बोटाने टाइप करायला पन्नास मिनिटं लागली. नाव, वय, मोबाइल, टाकी, झाकण, कबूतर, कावीळ. बटण दाबल्यावर ते हिरव्या दिव्याकडे बघत बसले. दिवा आधी लुकलुकत होता तसाच लुकलुकला.

*

सोमवारी त्यांच्या फोनवर संदेश आला. श्री. नागनाथ यांना कळवण्यात येते की.

त्यांनी तो वाचला, खडू घेतला आणि फळ्यावरच्या जुन्या चौकोनाखाली लिहिलं: गुरुवार, ११ वाजता, टाकी पाहायला येणार. कोणासाठी, ते लिहिलं नाही. चौदा जणींनी वाचलं.

भाग्यश्रीने वहीत १०.२० लिहिलं आणि आपल्या बाकावर जाऊन बसली.

"काका," तिने तिथूनच विचारलं, "तुमी त्यायले खरंच नक्कल देली असती?"

"अर्ज देला असता तं."

"अन् मंग?"

"मंग तपासनीले त्यायचा अर्जच पहिला कागद झाला असता. बस आता, अभ्यास कर."

*

१९७३ साली भैंशाच्या वसतिगृहात जागा मिळाल्याचं नागनाथांचं कार्ड कापसाच्या जिनिंगच्या फाटकासमोरच्या चहावाल्या सोनाबाईच्या पत्त्यावर आलं, कारण त्यांच्या वस्तीत डाकवाला येत नसे; सगळ्या वस्तीची पत्रं तिच्याच पत्त्यावर येत. सोनाबाईला वाचता येत नव्हतं, आणि कार्ड त्याच दिवशी नागनाथांच्या हातात पोचलं.