शंभरातले अठ्ठ्याऐंशी

वर्षाराणीच्या हाताला गुण नाही, हे रिसोडकडच्या त्या खेड्यात सगळ्यांना ठाऊक होतं. कुणी ठरवलं? तिची थोरली जाऊ जमनाबाई म्हणाली आणि गावानं मान डोलावली, झालं! दोन वर्षं सोयाबीनची पहिली मूठ वर्षाराणीनं घातली आणि दोन्ही वर्षं अर्धं वावर उगवलंच नाही. बियाणं पोकळ होतं, हे आंधळ्यालाही दिसलं असतं. पण बियाण्याच्या थैलीशी कोण भांडणार? बाईच्या हाताला नाव ठेवणं सोपं.

तेव्हापासून तिच्याकडून कुणी विरजण नेईना. कुणाकडं लोणचं घालायला गेली, की "राहू दे वं, तू बस," म्हणायचे. बसून बसून ती इतकी आकसली, की पोळी करपली तरी तव्याकडं न बघता स्वतःच्या हाताकडं बघायची.

यंदा हरभऱ्याच्या पेरणीआधी मात्र तिनं मनावर घेतलं. घरचं बियाणं होतं. जमनाबाईच्या ओसरीवरून एक गोणपाट मागून आणलं, ओलं केलं, त्यावर शंभर दाणे रांगेनं मांडले आणि गुंडाळून ठेवले. रोज पाणी शिंपडलं. आठव्या दिवशी ती आणि अकरा वर्षांची लेक योगिनी मोजायला बसल्या.

अठ्ठ्याऐंशी! शंभरातल्या अठ्ठ्याऐंशी दाण्यांना मोड!

"आई, हे तं तुह्याच हातानं उगवले!" पोरगी ओरडली. वर्षाराणीनं चुलीमागच्या भिंतीवर खडूनं आकडा लिहिला. हसली, रडली आणि पुन्हा एकदा मोजले.

तो आकडा तिनं तळहातावरच्या फोडासारखा जपला. जमनाबाई हापशीवर दिसली, की ही रिकामी घागर घेऊन घरातच थांबायची. नकोच तिचं बोलणं कानावर! सकाळी उठून भिंतीकडं बघत म्हणायची, "माह्या हाताले काही झालं नाही." योगिनीकडूनही म्हणवून घ्यायची. आठवडाभरात बाई ताठ चालायला लागली हो. जेवताना नवऱ्याला म्हणाली, "यंदाची पहिली मूठ मीच घालीन."

हरीओम माणूस वाईट नव्हता, तेच तर दुखणं. "घाल ना," तो म्हणाला. "माहा काय तुह्यावर भरोसा नाही?"

पेरणीच्या दिवशी ती ठेवणीतली साडी नेसून, नारळ आणि हळदीकुंकू घेऊन लेकीसोबत वावरात गेली. ट्रॅक्टर उभा होता, मागं पेरणीयंत्र. तिनं बियाण्याच्या पेटीचं झाकण उघडलं, मूठ भरून हात आत घातला आणि तिथंच थांबली. पेटीच्या तळाशी आधीच ओंजळभर हरभरा होता. त्यावर हळद होती, कुंकू होतं.

बांधावर जमनाबाई पिवळी बोटं पदराला पुसत उभी होती.

"हे काय वो?" वर्षाराणीनं नवऱ्याला विचारलं.

हरीओम ट्रॅक्टरकडं बघत बोलला, "वहिनीले सकाळीच बलावलं होतं. दोघीचा हात लागला तं काय बिघडते? तुह्या मनासारखं झालं, अन् जीवाले घोरबी नाही."

फेकायची होती ती मूठ त्याच्या तोंडावर! पण नाही फेकली. तिनं ती गुपचूप पेटीत सोडली आणि हात साडीला पुसला.

हरभरा असा उगवला, की पेरणीच्या एकाही ओळीत बोटभर जागा रिकामी नव्हती. जमनाबाईचा हात, दुसरं काय, असं गावभर झालं. हरीओमनं वहिनीला साडीचोळी केली. वर्षाराणीला कुणी काही बोललं नाही. खरं वाईट पुढंच आहे. हिरवं वावर बघून तिलाही आतून हायसं वाटलं. बरं झालं, आपला हात पहिला नव्हता, असं वाटलं तिला.

घरी येऊन तिनं ओल्या फडक्यानं चुलीमागची भिंत पुसायला घेतली.

"आई, कायले पुसून राह्यली?" योगिनी धावत आली. "आपले अठ्ठ्याऐंशी होते ना!"

"ते माहे नव्हते, बाई," वर्षाराणी म्हणाली. "गोणपाट तुह्या मोठीमायच्या ओसरीवरचं होतं."

संध्याकाळी आईनं दुधाला विरजण लावायला सांगितलं, तर पोरीनं दोन्ही हात पाठीमागं नेले.