देवाच्या आधी पोती

मित्रांनो, मी एक जुना आकाशपाळणा आहे. जुना म्हटले म्हणून नाक मुरडू नका. मोखाड्याच्या बाजूला जत्रा भरली, की लोक आधी मला शोधतात, मग जिलेबीला. घाटातल्या वळणावरून माझा माथा दिसला, की जीपमधली पोरे असा गोंगाट करतात, की ड्रायव्हरच वैतागतो. नुसते आठवले तरी माझी चाके शिवशिवतात!

माझा जन्म नाशिकच्या बाजूला एका वर्कशॉपमध्ये झाला. ठिणग्या उडवत मला जोडले, लाल-पिवळा रंग दिला आणि मालक हेमराजशेठने मला टेम्पोत घालून घाट चढवला. जव्हारला पहिल्यांदा फिरलो, तेव्हा वर बसलेल्या बायका डोळे मिटून देवाचा धावा करत होत्या. उतरल्यावर त्याच पुन्हा रांगेत उभ्या. काय ते कौतुक! मी तर फुगून टम्म झालो.

हेमराज माणूस वाईट नव्हता. दर हंगामाआधी तो मला नवा रंग द्यायचा, पायाशी नारळ फोडायचा आणि लिंबू-मिरची बांधायचा. बस्स, झाली माझी निगा. रंगाखाली गंज वाढत होता. वरून कीर्तन, आतून तमाशा. दुखले की मी कुरकुरायचो, तर पोरांना वाटे पाळणा गातोय, आणि ती टाळ्या पिटत. त्याचे मला फार वाईट वाटे.

एका गावच्या बोहाड्यात मात्र माझा थाट वेगळाच असे. बोहाडा म्हणजे देवादिकांचे मोठाले मुखवटे लावून नाचण्याचा उत्सव. त्या मुखवटा लावलेल्या माणसाला सोंग म्हणतात. गावात पाळणा यायला लागल्यापासून रीत अशी, की पहिला फेरा खंडोबाच्या सोंगाचा. हे सोंग पंढरीबाबांच्या घराण्याचे. यंदा तर ते नातीला, चिमीला, मांडीवर घेऊन बसणार होते. चिमी सकाळपासून माझ्याभोवती घिरट्या घालत होती. मलाही कधी एकदा फिरतो असे झाले होते.

पण यंदा एक नवा नियम आला होता. परगावच्या जत्रेत पाळण्याची खुर्ची निखळून माणसे जखमी झाली होती. म्हणून आधी तपासणी, मग खुर्च्यांत माणसांऐवजी जड पोती ठेवून फेरा, आणि नंतरच माणसे. तपासणीला जव्हारहून अवंती मॅडम आल्या. इतक्या वर्षांत पहिल्यांदाच कोणी माझा एकेक सांधा हाताने चाचपून पाहत होते. मला तर गुदगुल्या झाल्या! त्यांनी ढिले नटबोल्ट आवळून घेतले आणि त्या म्हणाल्या, "आता भाताची पोती आणा."

पंढरीबाबा मुखवटा काखेत घेऊन उभे होते. त्यांचा चेहरा उतरला.

"बाय, पयला फेरा देवाचा," ते म्हणाले. "देवाच्या आधी पोतं बसल? गाव हसल मला."

"बाबा, मान तुमचाच आहे. पण पोती फिरल्याशिवाय मी कुणालाच बसू देणार नाही."

"नारळ फोडलाय मॅडम," हेमराज मध्येच म्हणाला. गर्दीतून कोणी म्हणाले, देव तारी त्याला कोण मारी. आता ही म्हण माझ्या नटबोल्टांना कोणी शिकवली होती? लोक कुजबुजू लागले. बाबा मुखवटा बांधायला घेणार, इतक्यात त्यांची सून पुष्पा पुढे आली. तिचा हात चिमीच्या खांद्यावर होता.

"बाबा, सोंग लावता तवा तुमाला पायाखालचं दिसत नाय," ती हळूच म्हणाली. "मंगळूदादा पुढं चालतो, काटा-दगड बघतो. तो देवाच्या पुढं चालतो म्हून देवाचा मान जातो का?"

बाबांनी मुखवट्याची दोरी गुंडाळली. मग मुखवटा पुष्पाच्या हाती देत म्हणाले, "मंग माझे खुर्चीत माझेच घरचं पोतं ठेवा."

पोती चढली आणि मोटार सुरू झाली. मी निघालो! देवाच्या पुढे वाट तपासायला निघालेला पाळणा मीच पहिला असेन. मी जोरात, आणखी जोरात फिरू लागलो. आणि वर पोहोचलेल्या मानाच्या खुर्चीचा दांडा कडाडला. मलाही ठाऊक नव्हती अशी एक भेग रंगाखाली दबा धरून बसली होती. खुर्ची कलंडली आणि बाबांचे पोते खाली आदळून फुटले. भात चहूकडे उधळला.

मोटार बंद झाली. बाबा खाली बसले आणि मातीतला भात ओंजळीत घेऊन चिमीकडे पाहत राहिले. मला रडू येत होते, आणि त्याच वेळी आनंदाने नाचावेसे वाटत होते. पडला होता तो भात होता, मित्रांनो! नुसता भात!

त्या दिवशी मी फिरलो नाही. हेमराजने मान खाली घालून माझा सगळा रंग खरवडून घेतला, नवे दांडे बसवले. अवंती मॅडमनी पुन्हा तपासले. दुसऱ्या दिवशी पोती आणायला सांगावे लागले नाही. पंढरीबाबांनी स्वतः पाठीवरून पोते आणले आणि मानाच्या खुर्चीत ठेवले. ते सुखरूप फिरून खाली आले, तेव्हा कुठे खंडोबा चिमीला मांडीवर घेऊन बसला. चिमी वरून असे काही ओरडली, की खाली ढोल वाजवणारे थांबून वर पाहू लागले.

मित्रांनो, मला रंग आवडतो, नारळही आवडतो. पण जत्रेत माझा कोणी भाऊबंद भेटला, तर तिकीट काढण्याआधी खुशाल विचारा, "आज पोती बसली का?" विचारायला लाजू नका. आणि उत्तर नीट मिळाले नाही, तर आमच्याकडे पाठ फिरवून सरळ भजी खायला जा. आम्हाला मुळीच राग येणार नाही.