उघडे हात

माह्या हातावर कोड हाये, मनगटापासून कोपरापर्यंत. आता साऱ्या अमरावतीले माहीत हाये, मंग तुमच्यापासून काय लपवू? पन पंधरा वर्सं कोनाले पत्ता नव्हता. लांब बाहीची चोळी घालायची, वलगावहून टोपली घेऊन यायची, देवळाच्या पायरीवर हार गुंफायची आनि चार घरी देवाची फुलं द्यायची. एकट्या बाईचं पोट त्याच्यावरच होतं.

त्या चार घरांत एक उद्धव मास्तर, शाळेत चित्रकला शिकवनारे. एक दिवस फुलं देताना बाही सरकली न् त्यायनं पाह्यलं. मले वाटलं, सरलं आता. तर म्हनतात कसे, "मनकर्णाबाई, लपवता कशाला? आपलं उणं जी उघडं ठेवते, तिच्याइतकी बळकट बाई नाही. मला तुमचं चित्र काढू द्या."

माह्याशी असं कोनी बोललंच नव्हतं. खोटं काहून सांगू, लई बरं वाटलं. आठ दिवस त्यायच्या ओसरीवर बाह्या सारून, ओंजळीत मोगरा घेऊन बसली.

चित्राचं नाव 'शक्ती'. प्रदर्शनात लागलं, कमिशनर सायबाच्या मडमेनं मेडल देल्लं. त्या गुर्मीत मी पायरीवरही बाह्या सारूनच बसली. पुजारी म्हने, "बाई, उद्यापासून येऊ नको. देवाचं काम हाये."

भाऊ देवीदास म्हने, "अकोल्याले बस, तिथं तुले कोन ओळखते?" गेली. तर चित्र तिथंही दाखवून आनलं होतं. माह्या अगोदर माहे हात पोचले होते.

परत आली, तर बाकी घरांनीही फुलं बंद केली होती. मास्तर तरी घेतील म्हनून त्यायच्या घरी गेली. त्यायची बायको रमाबाई दारातच आडवी झाली. "मला काही नाही हो, पण सासूबाईंचं सोवळं असतं."

मास्तर आत पेपर वाचून राह्यला होता. सारं ऐकू येत होतं त्याले. मान वर केली नाई. त्याच्या मागं भिंतीवर मी, खाली मेडल, आनि चित्राले मोगऱ्याचा ताजा हार. गाठीवरून ओळखला, देवळात माह्या शेजारच्या पायरीवर हार गुंफनाऱ्या शकुनचा.

जीव जळला माहा. म्हटलं, "मास्तर, चित्रात तरी माह्या बाह्या खाली करून द्या."

"चित्र बिघडेल, बाई," तो म्हने, न् पान उलटलं.