एका गोळीत दोन औषधं

झाडांना फुलोरा आला की लोकांना कविता सुचतात, तिला शिंका यायच्या. एकदा सुरू झाल्या की थांबायचं नाव नाही. डोळे लालभडक, घशात खवखव, आणि नाक असं चोंदलेलं की उशीला डोकं टेकलं की जीव गुदमरायचा. बरं, कोणी आस्थेने विचारपूस करावी असंही ते दुखणं नव्हतं. नुसती सर्दीच तर आहे, एवढं ऐकून घ्यायचं आणि कामाला लागायचं.

काम कवळ्या बनवण्याचं. दातांच्या डॉक्टरांकडून तोंडाचे साचे यायचे आणि ती मेणाच्या हिरड्यांत एकेक दात बसवत जायची. त्यात शिंक आली की झालंच. चिमट्यातला दात उडून टेबलाखाली, आणि बाई त्याच्यामागे गुडघ्यांवर. घरी पोहोचेपर्यंत जीव नुसता मेटाकुटीला आलेला असायचा. मग मुलगी काही सांगायला आली की "नंतर, छोटे, नंतर", आणि नवरा काही बोलला की नुसतं हूं. त्या दोघांवर तिची माया नव्हती असं कोण म्हणेल? माया होती, पण दिवसाच्या शेवटी ती द्यायला अंगात त्राण उरत नव्हतं. आपण घरात असून नसल्यासारख्या आहोत, हे तिला रोज भांडी घासताना वाटायचं.

शेवटी ती औषधाच्या दुकानात गेली.

"ही घ्या," दुकानदार म्हणाला, "एका गोळीत दोन औषधं आहेत. एक शिंका थांबवतं, पण त्याने गुंगी येते. दुसरं नाक मोकळं करतं, पण ते झोप उडवतं."

"म्हणजे मी झोपायचं की जागं राहायचं?"

"दोन्ही," तो हसला आणि पुढच्या गिऱ्हाइकाकडे वळला.

गोळी लागू पडली. कितीतरी दिवसांनी छातीभर श्वास घेता आला, तेव्हा तिला अगदी रडूच आलं. फक्त गोळी घेतल्यावर थोड्या वेळाने डोळ्यांवर झापड यायची. एका दुपारी कामाच्या टेबलावरच तिचा डोळा लागला, आणि दचकून उठली तर समोर एक अख्खी कवळी तयार. आता तिच्या धंद्यात प्रत्येकीचा हात वेगळा असतो. समोरचे दात एका ओळीत बसवले की ते खोटे दिसतात, म्हणून एक दात किंचित तिरपा ठेवायचा. ती नेहमी डावा ठेवायची. या कवळीत उजवा तिरपा होता. चिमटा तिच्याच बोटांत होता आणि नखांत मेण ताजं होतं.

मालकाने कवळी उजेडात धरली. "वा! हे दात हसतायत. तुझे आधीचे नुसते चावायचे."

झोपेत हात चालला असेल, असं तिने स्वतःला समजावलं. इतकी वर्षं तेच काम करतोय, चालतो हात. पण मग घरी छोटी तिच्या गळ्यात पडली. "आई, कालची गोष्ट पुढे सांग ना! ती नावाडीण पाण्यात उतरली, मग?"

तिने कधी कुठली गोष्ट सांगितली नव्हती. काल गोळी घेऊन ती सोफ्यावर आडवी झाली होती, एवढंच तिला आठवत होतं. "काय गं, दिवास्वप्नं बघतेस?" असं म्हणत तिने नवऱ्याकडे पाहिलं, तर तोही हसत होता, लग्नाच्या सुरुवातीला हसायचा तसा. "अगं, तूच तर आम्हाला हसवून हसवून बेजार केलंस," तो म्हणाला.

तिच्या अंगावर सर्रकन काटा आला. आणि खरं सांगायचं तर, त्याहून जास्त मत्सर वाटला.

दुसऱ्या दिवशी वेणी घालताना तिने छोटीला हळूच विचारलं, "मी गोष्ट सांगते तेव्हा कशी असते गं?"

"कशी म्हणजे? तूच असतेस की," छोटी म्हणाली. "फक्त दमलेली नसतेस."

फुलोरा झडला, शिंका थांबल्या. उरलेल्या गोळ्या तिने स्वतःच्या हाताने कचऱ्यात टाकल्या आणि मग मनापासून प्रयत्न केला. दमून आली तरी छोटीला मांडीवर घेऊन बसायची, नावाडणीला पाण्यात उतरवायची. छोटी शहाण्यासारखी ऐकून घ्यायची, पण मधेच म्हणायची, "तसं नाही होत ते... असू दे, आई." नवरा खिडकी सताड उघडी ठेवायचा. "बाहेर धूळ आहे नाही खूप? शिंक वगैरे आली का?" त्याच्या आवाजात काळजी नव्हती, आशा होती.

छोटीच्या वाढदिवसाला तिने रजा घेतली. पहाटे उठून केक केला, फुगे फुगवता फुगवता गाल दुखून आले, नवा फ्रॉक इस्त्री करून खुर्चीवर ठेवला. दुपारी ती जरा टेकली होती, तेवढ्यात छोटी आली. एका हातात पाण्याचा पेला होता आणि दुसऱ्या हाताच्या तळव्यावर एक गोळी.

"ही कुठून आणलीस?"

"बाबांनी आणली."

"अगं, मला आता शिंका येत नाहीत, छोटे."

"माहीत आहे."

"मग?"

हट्ट नव्हता छोटीच्या चेहऱ्यावर. आईला वाईट वाटेल हे कळत असल्यासारखी ती अवघडली होती.

"आज माझा वाढदिवस आहे ना," ती म्हणाली.

तिने गोळी घेतली, पाणी प्यायलं. छोटीने पेला खाली ठेवला, आईच्या पाठीशी उशी सरकवली, आणि समोर मांडी घालून बसली, तिचे डोळे मिटायची वाट बघत.