दोन मिनिटांत रिकामा बार

आधीच सांगून ठेवतो, हे तुम्हाला पटायचं नाही. माझ्या सख्ख्या बहिणीला पटलं नाही, तिथे तुमची काय कथा!

दादा गेल्यापासून हा बार वहिनी एकटीच चालवते. मी आपला ग्लास उचलायला, म्हणजे भरलेले. एक दिवस तपासणीच्या बाई आल्या. हातात टेप, कानामागे पेन्सिल. आगीबिगीच्या वेळी निसटायचं मागचं दार उघडायला गेल्या, तर पुढ्यात बाटल्यांचे क्रेट, छतापर्यंत. क्रेट हलवले, तर दार आत उघडणारं.

"आग लागली तर माणसं जाणार कुठून?"

"आमची माणसं आगीलाही हलायची नाहीत, बाई," मी म्हणालो.

बाई हसल्या नाहीत. आठ दिवस दिले. भरलेला बार दोन मिनिटांत रिकामा झाला पाहिजे, नाहीतर परवाना रद्द. वहिनीचा चेहरा खर्रकन उतरला.

मग काय, धावपळ! सुतारानं दार बाहेर उघडेल असं फिरवून बसवलं. क्रेट तळघरात गेले. धोक्याची नवीकोरी घंटा आली. आठव्या दिवशी, भरदुपारी, बाई घड्याळ घेऊन हजर. बार खचाखच. बाईंनी बटण दाबलं.

घंटा वाजली मात्र, साठच्या साठ जण ताडकन उठले आणि धावले... काउंटरकडे! आमच्याकडे घंटा वाजली म्हणजे शेवटची ऑर्डर. वीस वर्षांची सवय, दुसरं काय!

"वहिनी, मला दोन!"

"ए, रांगेत ये की!"

"अरे, बाहेर व्हा मेल्यांनो!" वहिनी रडकुंडीला आली. कोण ऐकतंय! दीड मिनिट उलटलं.

मग मी बाह्या सारल्या. उचलला काउंटर! नळ, ग्लास, बर्फाची पेटी, सगळ्यासकट खांद्यावर घेतला आणि मागच्या दारानं थेट अंगणात. साठ जण माझ्यामागे, मुंग्यांसारखे. एक मिनिट अठ्ठावन्न सेकंद! बाईंनी तिथल्या तिथे सही ठोकली. खाली एवढाच शेरा: घंटा काढून भोंगा बसवा.

"भावजी!" इतका वेळ ग्लास पुसता पुसता माझी ही गोष्ट ऐकणारी वहिनी कडाडली. "विटांचा काउंटर आहे तो, जन्मात हललेला नाही! बिअरचा जग घेऊन अंगणात पळाले ती मी. 'शेवटची ऑर्डर बाहेर' म्हणून बोंबललेही मीच. आणि माझ्यामागे सगळ्यांत आधी ग्लास पुढे करून कोण पळत आलं, तेही सांगू का ह्यांना?"